घोडबंदरच्या गच्चीवरून चारच उल्का का दिसल्या, आणि यंदा काय करायचं

प्रश्न घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका ताईंचा आहे. गेल्या डिसेंबरात ‘मिथुन उल्कावर्षाव, तासाला १२० उल्का’ अशी बातमी वाचून त्या, त्यांचे यजमान आणि पाचवीतला मुलगा सोसायटीच्या गच्चीवर गेले. रात्री नऊ ते अकरा बसले. चार उल्का दिसल्या. मुलगा हिरमुसला आणि बातमी खोटी होती का म्हणून विचारू लागला. आता त्यांना जाणून घ्यायचंय की आमचं काय चुकलं, यंदा दुर्बीण घ्यावी का, ठाण्याच्या आसपास कुठे जावं, आणि ‘तुटता तारा बघू नये’ म्हणणाऱ्या सासूबाईंना काय सांगावं.

ताई, आधी मुलाचं समाधान करू. त्याला सांगा की बातमी खोटी नव्हती आणि त्याचे डोळेही कमी पडले नाहीत. उलट हिशेब केला तर त्या गच्चीवरून, त्या वेळात, तीनच दिसायला हव्या होत्या. त्याने चार पाहिल्या. हा हिशेब मी खाली पूर्ण मांडतो, कारण तो एकदा कळला की पुढची सगळी उत्तरं त्यातून आपोआप निघतात. मुलाला वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा. पाचवीतल्या मुलाला जमेल इतकंच गणित आहे.

बातमीतला १२० हा आकडा एका आदर्श आकाशासाठी असतो. त्यात तीन गोष्टी धरलेल्या असतात. उल्का आकाशातल्या ज्या बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर आहे, क्षितिजापर्यंत कुठेही आडोसा नाही, आणि अंधार इतका आहे की नुसत्या डोळ्यांनी साडेसहाव्या प्रतीचे तारे दिसतात. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी. आकडा वाढत जातो तसा तारा मंद. व्याध उणे दीडचा, ध्रुवतारा दोनचा, आणि साडेसहा म्हणजे निरोगी डोळ्यांची अगदी शेवटची हद्द. असं आकाश ठाण्यात कुणालाच मिळत नाही. तरी दरवर्षी तोच आकडा छापला जातो, आणि दरवर्षी कितीतरी मुलं गच्चीवरून हिरमुसून खाली येतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून इतक्या तपशिलात लिहितोय.

आता तुमची गच्ची. १३-१४ डिसेंबरला मिथुनेचा उगमबिंदू ठाण्याच्या क्षितिजावर रात्री पावणेआठच्या सुमारास उगवतो. दहा वाजता तो ईशान्य-पूर्वेला जेमतेम २८ अंशांवर आलेला असतो. उगमबिंदू इतका खाली असला की उल्का निम्म्याहूनही थोड्या कमी होतात. १२० चे झाले ५६. दुसरी गोष्ट उजेडाची. घोडबंदरच्या बहुतेक गच्च्यांवरून, हवा बरी असेल त्या रात्री, साडेतीन प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. आदर्श आकाशापेक्षा तीन पायऱ्या कमी. मिथुन उल्कांच्या बाबतीत एकेक पायरी गमावली की दिसणारी संख्या सुमारे २.६ पटीने घटते. तीन पायऱ्यांचे २.६ गुणिले २.६ गुणिले २.६, म्हणजे साडेसतरा. ५६ भागिले साडेसतरा, उरल्या तीन आणि थोड्या. तिसरी गोष्ट, आजूबाजूचे टॉवर आणि पाण्याची टाकी यांनी निम्मं आकाश झाकलेलं. राहिली तासाला दीड उल्का. दोन तासांच्या झाल्या तीन.

म्हणजे तुमचं चुकलं ते एवढंच: वेळ चुकली, आणि गच्चीवर जाण्याआधी आपल्या आकाशाची पारख झाली नाही. वेळ बदलणं फुकट आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

मिथुनेचा उगमबिंदू कॅस्टर ताऱ्याजवळ आहे. आपल्या पुनर्वसू नक्षत्रातल्या दोन ताऱ्यांपैकी हा एक. ठाण्याहून तो पहाटे अडीचच्या सुमारास सर्वांत उंच येतो, जवळजवळ डोक्यावर, ७६ अंशांवर. तुमच्या त्याच गच्चीवर, त्याच उजेडात, फक्त नऊ ते अकराऐवजी दीड ते साडेतीन बसलात तर संख्या दुप्पट होते. मी ठाण्यातल्या लोकांना नेहमी सांगतो की मुलांना आठला जेवायला घाला, झोपवा, आणि दीडला उठवा. झोपमोडीची भीती वाटते, पण मुलं त्या वेळी जितक्या उत्साहाने उठतात तितकी शाळेसाठी कधीच उठत नाहीत.

तरी संध्याकाळची वेळ अगदीच वाया गेली असंही नाही. उगमबिंदू क्षितिजाला टेकलेला असताना, साधारण आठ ते नऊच्या दरम्यान, एखादी उल्का वातावरणाला कडेकडेने घासत जाते. अशा उल्का फार थोड्या, कधी तासात एक, कधी एकही नाही. पण जी दिसते ती विसरत नाही. एका वर्षी कोलशेतच्या एका गच्चीवर सतरंजी अंथरता अंथरता मला एक दिसली होती. खाडीच्या बाजूने निघाली, पिवळसर, अजिबात घाई नसल्यासारखी, आणि डोक्यावरून थेट येऊरच्या डोंगराकडे गेली. माझ्या हातात सतरंजीचं टोक तसंच राहिलं. तीन-चार सेकंदांचा खेळ, पण उल्केच्या मानाने तो फार मोठा असतो. एरवी उल्का सेकंदाच्या आत संपते.

आता पारख. आपलं आकाश किती प्रतीचं आहे हे ठरवायला कसलंही यंत्र लागत नाही. मृग नक्षत्र सगळ्यांना ओळखता येतं: चार पायांचे चार ठळक तारे आणि पोटात घुसलेल्या बाणाचे ओळीतले तीन. उत्तरेकडच्या दोन पायांच्या मधोमध, किंचित पुढे, तीन बारीक ताऱ्यांचा इवलासा त्रिकोण आहे. तेच मृगाचं शीर्ष. मार्गशीर्ष महिन्याचं नाव त्याच तीन ताऱ्यांवरून पडलं. त्यातला एकच दिसत असेल तर तुमचं आकाश साडेतीन प्रतीच्या आसपास. दोन दिसले तर चारच्या थोडं पुढे. तिन्ही सुटे सुटे दिसले तर साडेचार किंवा त्याहून चांगलं, आणि शहरात एवढं मिळालं तर त्या रात्री झोपायचं नाही. कृत्तिकांवरही हे करता येतं. नुसता धुरकट ठिपका दिसला तर आकाश कमजोर. सुटे चार तारे मोजता आले तर चारच्या जवळपास. सहा मोजता आले तर सव्वाचार. सात किंवा जास्त मोजलेत तर तुम्ही ठाण्यात नाही!

डिसेंबरात ठाण्याची हवा हा वेगळा विषय आहे. रात्री गारठ्याने धूर आणि धूळ जमिनीलगत दबून राहते आणि शहराचे दिवे त्या थरातच पसरतात. चार दिवस मृगशीर्षाचा एकही तारा दिसत नाही आणि पाचव्या दिवशी वारा सुटला की तिन्ही दिसतात, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून १३ तारखेची वाट बघत बसू नका. आठ-दहा डिसेंबरपासून रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं वर जाऊन मृगशीर्ष मोजा आणि वहीत लिहा. मुख्य रात्रीपर्यंत मुलाला मृग, रोहिणी, कृत्तिका, ब्रह्महृदय तोंडपाठ होतील, आणि कोणत्या रात्री कष्ट घ्यायचे हेही तुमचं तुम्हालाच कळेल.

चंद्राचा अंदाज भिंतीवरच्या कॅलेंडरवरून येतो. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री दहाच्या आगेमागे मावळतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्री. वद्य अष्टमीला उलट मध्यरात्री उगवतो. पौर्णिमेच्या आसपास मिथुन उल्कावर्षाव आला तर फक्त ठळक उल्काच हाती लागतात. २०२६ चं वर्ष मात्र भाग्याचं आहे. अमावास्या ९ डिसेंबरला येते, त्यामुळे १३ आणि १४ डिसेंबरला फक्त कोवळी चंद्रकोर असेल आणि आपली खरी वेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी ती मावळलेली असेल. १३ ला रविवार आहे. दुसऱ्या दिवशी शाळा असेल, तो निर्णय तुमचा. पण जमलं तर १३-१४ आणि १४-१५ अशा दोन्ही रात्री धरा.

दोन रात्री का, ते माझ्यावर बेतलेल्या गोष्टीवरून सांगतो. १९९८ च्या नोव्हेंबरात सिंह उल्कावर्षावाची मोठी चर्चा होती. त्याचा जनक टेंपल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी त्याच वर्षी सूर्याजवळून गेला होता. अंदाज होता १७-१८ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतरचा, आपल्याकडे सिंह उगवलेली असतानाचा. आम्ही पाचजण सुट्ट्या टाकून, स्वेटर-कानटोप्या घेऊन मुरबाडच्या पुढे एका मित्राच्या शेतावर पोहोचलो. उल्का चांगल्याच दिसल्या. पण ज्याच्यासाठी ते वर्ष जगभर लक्षात राहिलं तो अग्निगोलांचा वर्षाव आदल्या रात्रीच होऊन गेला होता. १७ च्या पहाटे मी घरी गाढ झोपलो होतो. तेव्हापासून मी एकाच रात्रीवर कधी अवलंबून राहिलो नाही. मिथुन उल्कावर्षाव त्या मानाने खूप भरवशाचा आहे. त्याची एक खासियतही आहे: शिखर उलटलं की संख्या झपाट्याने घटते, पण जाड कणांचा, म्हणजे तेजस्वी उल्कांचा वाटा वाढतो. शहरातून बघणाऱ्याला तेजस्वी उल्काच दिसणार असतात. दुसरी रात्र म्हणूनच सोडू नये.

दुर्बीण घेऊ नका. उल्का कुठे चमकेल हे माहीत नसतं, आणि दुर्बीण तुम्हाला आकाशाचा नखाएवढा तुकडा दाखवते. उल्का टिपायला नुसते डोळे आणि उताणं पडलेलं शरीर यापेक्षा चांगलं साधन नाही. ते पैसे ठेवा, पुढे मुलाची आवड टिकली तर साधी ७ बाय ५० ची द्विनेत्री घ्या. मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिका बघायला ती फार छान.

पैशांऐवजी डोळ्यांची काळजी घ्या. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा स्क्रीन एकदा पेटला की ती सगळी मेहनत वाया जाते. गच्चीवर लोक मोबाइल बघत बसतात, मान वर करतात, परत मोबाइल बघतात. अशा माणसाला खरोखर अर्ध्याच उल्का दिसतात, हे मी शेजारी शेजारी बसवून मोजलंय. मोबाइल खाली घरात ठेवा. वेळ बघायला मनगटावरचं घड्याळ आणि लाल उजेडाची बॅटरी पुरे. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोन-तीन पदर रबरबँडने बांधा. स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. अंधारात वही वाचता येईल इतकाच मंद उजेड आला पाहिजे. जास्त वाटला तर आणखी एक पदर चढवा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आठवडाभर आधी भेटा. गच्चीची चावी तर हवीच, पण पाण्याच्या टाकीवरचा हॅलोजन त्या रात्री बंद ठेवायची परवानगीही मागा. बहुतेकजण आनंदाने देतात, फक्त कुणी विचारत नाही. हॅलोजन बंद होणार नसेल तर टाकीच्याच सावलीत अंथरूण घाला. दिवा थेट डोळ्यांत येत नाही एवढ्यानेही पाऊण प्रत सहज सुधारते.

खाली ताडपत्री, वर सतरंजी, त्यावर उशी. ताडपत्री विसरू नका. दोननंतर दव पडतं आणि सतरंजी खालून ओली होते. शाल, कानटोपी, मोजे. ठाण्यात थंडी ती कसली असं वाटतं, पण दोन तास न हलता उघड्यावर पडल्यावर १८ अंशही अंगात शिरतात. डासांसाठी ओडोमॉस. आणि थर्मासमध्ये चहा.

बघायचं कुठे? उगमबिंदूकडे टक लावून नाही. तिथल्या उल्का आखूड असतात, कारण त्या जवळजवळ आपल्याच रोखाने येतात. उगमबिंदूपासून चाळीस-पन्नास अंश बाजूला लांब रेघा दिसतात. आडव्या हाताची मूठ पुढे धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे चार-पाच मुठी. त्यातही जी बाजू काळी असेल ती निवडा. घोडबंदर रोडवर ती बाजू राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराची, कारण तिथे दिवे नाहीत. वसंतविहार, उपवनकडच्या लोकांनाही येऊरचा डोंगरच उपयोगी. खारघर, बेलापूरकरांनी डोंगराकडे तोंड करावं आणि महामार्गाकडे पाठ. ऐरोली-वाशीला खाडीवरचं आकाश मोकळं मिळतं, पण त्यापलीकडे मुंबईचा उजेड आहे, त्यामुळे तिथे क्षितिज सोडून डोक्यावरच बघणं चांगलं. उरणचा रस्ता पूर्वी बरा होता. आता बंदराचे दिवे आणि उलव्याला विमानतळ, तिकडे मी कुणाला पाठवत नाही.

येऊरमध्ये रात्री जाऊ नका. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ते संरक्षित जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे. उल्का त्याच्या वरच्या आकाशात दिसतात, त्यासाठी त्याच्यात शिरावं लागत नाही.

ठाण्याबाहेर जायचं तर कर्जत लाइनवरच्या वांगणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनांमुळे मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी लोकांनी पहिली आकाशगंगा तिथे पाहिली. बदलापूर पसरत गेलं तसा तिथला अंधार पातळ झालाय, तरी ठाण्याशी तुलनाच नाही, आणि लोकलने जाता येतं ही मोठी सोय. एकट्याने पहिल्यांदा जाण्यापेक्षा खगोल मंडळ किंवा कल्याणचं आकाशमित्र मंडळ अशा जुन्या संस्थेबरोबर जावं. तिथे शेजारी पडलेला माणूस तुम्हाला तारे ओळखायला शिकवतो, ते कुठल्याही ॲपपेक्षा पक्कं बसतं.

माझी स्वतःची आवड मुरबाडच्या पुढची, टोकावड्याकडची. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता. तिथे मुंबई-ठाण्याचा उजेड पश्चिमेला राहतो आणि मिथुन नेमकी विरुद्ध बाजूने, सह्याद्रीच्या अंगाने वर चढते. आकाश साडेपाच प्रतीपर्यंत जातं. वरचाच हिशेब तिथे लावा: पहाटे अडीचला उगमबिंदू डोक्यावर, आकाश मोकळं, गमावली फक्त एक पायरी. १२० चे होतात तासाला चाळीस-पंचेचाळीस. म्हणजे दीड मिनिटाला एक. पण त्या काही घड्याळ लावून येत नाहीत. पाच मिनिटं काही नाही, आणि मग एका मिनिटात तीन. त्या रिकाम्या पाच मिनिटांतच लोक उठून चहा ओततात आणि नेमक्या तेव्हा मागून सगळ्यांचा ‘आहा!’ ऐकू येतो.

डिसेंबरात भात कापून झालेलं असतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यावर झोपा. सारवलेलं खळं सपाट असतं, पाठीला खुंट टोचत नाहीत, आणि चारी बाजूंनी आकाश मोकळं. मात्र खाचरात भातानंतर वाल पेरलेला असतो, तो तुडवू नका. अंथरूण घालण्याआधी पांढऱ्या बॅटरीने जागा नीट तपासा आणि पेंढ्याच्या उडव्यापासून दूर राहा, कारण थंडीतही रात्री घोणस फिरते. रस्त्याकडेला गाडी लावून उघड्या माळावर कुटुंबाने थांबणं मला पसंत नाही. ओळखीचं घर, शेत किंवा संस्था, यापैकी काहीतरी हवं.

‘उल्कावर्षाव कॅम्पिंग’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: बारानंतर सगळे दिवे बंद असतील का, आणि शेकोटी किती वाजता विझवणार? एका वर्षी आम्ही काहीजण असल्याच एका ठिकाणी गेलो. तंबूंवर रंगीत दिव्यांच्या माळा होत्या, मध्ये मोठी शेकोटी आणि दीडपर्यंत गाणी. वर काय चाललंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी आम्ही सतरंज्या उचलून पाऊण किलोमीटरवरच्या माळावर गेलो आणि तिथे दोन तासांत साठाच्या वर मोजल्या. त्या तंबूंमध्ये लहान मुलं होती. त्यांच्या डोक्यावरून हे सगळं निघून गेलं याची हळहळ मला अजून वाटते.

मोजणी जरूर करा. मोजल्याशिवाय बघणं आणि मोजून बघणं यात खूप फरक आहे. मोजणारा माणूस झोपत नाही. मुलासाठी माझी जुनी पद्धत: उजव्या खिशात मूठभर चिंचोके. मिथुनेची उल्का दिसली की एक चिंचोका डाव्या खिशात. डोळे आकाशावरून हलवावे लागत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघून डावा खिसा लाल उजेडात रिकामा करायचा, मोजायचं, वेळेसमोर लिहायचं. मिथुनेची आहे हे कसं ओळखायचं? रेघ मनातल्या मनात मागे वाढवा. ती पुनर्वसूच्या कॅस्टरपाशी पोहोचली तर मिथुनेची, नाहीतर भटकी. चांगल्या आकाशात अशा भटक्या उल्काही तासाला पाच-दहा दिसतात. घरातल्या प्रत्येकाने आपापली संख्या वेगळी ठेवायची, बेरीज करायची नाही, कारण एकच उल्का तिघांनी पाहिलेली असते. तास, आकाशाची प्रत, झाकलेलं आकाश आणि संख्या एवढं नीट लिहिलंत तर त्या नोंदीला खरी किंमत आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी गोळा करते. तो १२० चा आकडासुद्धा अशाच नोंदींतून आलाय. तुमचा मुलगा त्यात भर घालू शकतो हे त्याला सांगून बघा.

विमान आणि उपग्रह यांत घोटाळा होतो, विशेषतः ठाण्यावरून मुंबईला उतरणाऱ्या विमानांमुळे. लुकलुकतं ते विमान. एकसारख्या तेजाने मिनिटभर सरकतो तो उपग्रह. ‘तो बघ’ म्हणून बोट दाखवायला वेळ मिळाला, तर ती बहुधा उल्का नव्हती.

मुलगा विचारेलच की हे जळतं काय. वाळूच्या कणाएवढे दगडाचे कण, क्वचित वाटाण्याएवढे. ते फेथन नावाच्या लघुग्रहाचे आहेत. तो १९८३ मध्ये आयरस या उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. मिथुन मात्र या पाच-सहा किलोमीटरच्या खडकाचा. दर दीड वर्षाच्या आतच तो सूर्याभोवती फेरी मारतो आणि बुधाच्याही आत, सूर्याच्या अगदी जवळून जातो. त्याने मागे टाकलेल्या कणांच्या पट्ट्यातून पृथ्वी दरवर्षी डिसेंबरात जाते. कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने आत शिरतात. ठाण्याहून पुणे सरळ रेषेत १२० किलोमीटर, म्हणजे साडेतीन सेकंदांचा रस्ता. आणि ते जळतात साधारण ९० किलोमीटर उंचीवर. त्यामुळे ईशान्येला छत्तीस-सदतीस अंशांवर जी उल्का तुम्हाला आपल्या शेजारच्या टॉवरवर पडल्यासारखी वाटते, ती खरं तर नाशिककरांच्या डोक्यावर जळत असते. नाशिकला तुमचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही त्याच रात्री गच्चीवर झोपायला सांगा आणि ठळक उल्कांच्या वेळा दोन्हीकडे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फोनवर ताडून बघा. एकच उल्का दोन घरांनी दोन वेगळ्या दिशांना पाहिलेली सापडते तेव्हा मुलाला आकाशाची खोली कळते.

ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाच्या बातम्यांनी भुलू नका. १२-१३ ऑगस्टला युरोप-अमेरिकेत ती सुट्टीची मजा असते, आपल्याकडे तेव्हा पावसाळी ढग. ऑक्टोबरातला मृगाचा आणि नोव्हेंबरातला सिंहेचा वर्षाव सरावासाठी ठीक. आपल्या कोकणपट्टीसाठी खरा सण डिसेंबरचाच.

राहिल्या सासूबाई. तारा तुटला की कुणीतरी गेलं, असं जुनी माणसं म्हणायची, आणि त्यामागे माया होती: कुणाचं काही वाईट होऊ नये एवढीच. त्यांना वाद घालून नाही, बरोबर नेऊन पटवा. गच्चीवर त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि जाड शाल ठेवा. मृगाचे चार पाय आणि बाण त्यांना आधी दाखवू द्या. मग एखादी ठळक उल्का गेली की सांगा, बघा, सगळे तारे जागच्या जागी आहेत, गेला तो धुळीचा कण. आणि दोननंतर उत्तर-ईशान्येला सप्तर्षी चांगले वर आले की मुलाला त्यांच्याजवळ बसवा. वसिष्ठाला चिकटून असलेली अरुंधती कशी शोधायची हे आजीइतकं कुणाला ठाऊक असणार? अरुंधती बरोबर चौथ्या प्रतीची आहे. ती दोघांनाही स्पष्ट दिसली, तर वहीत त्या वेळेसमोर लिहा: आकाश, किमान चार.